बस, बसा आणि छिंग च्वो

इंग्रजीतून लिहिलेली चिनी भाषेची पहिली दोन व्याकरणं छापली गेली ती बराकपूरच्या समोर. बराकपूरच्या धोबीघाटावरून होडीत बसलं की काही मिनिटांत हुगळी ओलांडून आपण श्रीरामपूरला उतरतो. 1814 मध्ये जोशुआ मार्शमन यांचं चिनी व्याकरण इथल्या मिशन छापखान्यातून बाहेर पडलं. पुढच्याच वर्षी, 1815 मध्ये, रॉबर्ट मॉरिसन यांचं व्याकरण त्याच छापखान्यात छापलं गेलं. मॉरिसन राहायचे कँटन-मकावला. त्यांनी आपलं हस्तलिखित 1811 मध्येच तयार केलं होतं, पण पुस्तक व्हायला त्याला बंगालपर्यंतचा प्रवास करावा लागला.

मराठी वाचकाला श्रीरामपूर परकं नाही. विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण 1805 मध्ये इथेच छापलं गेलं आणि मराठी-इंग्रजी कोशही 1810 मध्ये इथलाच, तोही मोडी लिपीत. वैजनाथ पंडितांची ‘सिंहासन बत्तिशी’ 1814 ची, म्हणजे मार्शमन यांच्या चिनी व्याकरणाच्याच वर्षाची. एकाच छापखान्यात एकीकडे बत्तीस पुतळ्यांच्या मराठी गोष्टी जुळवल्या जात होत्या आणि दुसरीकडे चिनी अक्षरांचे खिळे. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, 1845 पर्यंत. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांनी नदीच्या त्या बाजूला बस्तान मांडलं. या बाजूला, बराकपूरला, कंपनीची छावणी होती आणि गव्हर्नर जनरलची बाग-बंगली.

नदीचे हे दोन काठ मला आज्ञार्थी वाक्याबद्दल लिहिताना फार उपयोगाचे वाटतात. एका काठावर वाक्यांची वर्गवारी चालली होती आणि दुसऱ्या काठावर दिवसभर हुकूम सुटत होते.

मार्शमन चीनला कधीच गेले नाहीत. 1806 च्या सुमारास त्यांनी चिनी शिकायला घेतलं, ते जोहानेस लासार या मकावमध्ये जन्मलेल्या आर्मेनियन माणसाकडून. दोघांनी मिळून संपूर्ण बायबलचं चिनी भाषांतर केलं, ते 1822 मध्ये पुरं झालं. कन्फ्यूशियसच्या संवादांचा एक भाग मार्शमन यांनी 1809 मध्येच इंग्रजीत आणला होता. त्यांची चिनी अशी ग्रंथांतून, अभिजात लिखाणातून आलेली. त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली: चिनी व्याकरणाचा सगळा डोलारा शब्दाच्या जागेवर उभा आहे. ‘वो ता नी’ म्हणजे मी तुला मारतो आणि ‘नी ता वो’ म्हणजे तू मला मारतोस. शब्द तेच, रूपं तीच, फक्त जागा बदलल्या. मराठीत ‘तुला मारतो मी’ म्हटलं तरी मार खाणारा बदलत नाही, कारण ‘तुला’मधला ‘ला’ आणि ‘मारतो’चा प्रत्यय सगळं सांभाळून घेतात. चिनी क्रियापदाला असे प्रत्यय नाहीत. काळाचे नाहीत, पुरुषाचे नाहीत, लिंगाचे नाहीत आणि आज्ञेचेही नाहीत.

मग चिनी माणूस आज्ञा देतो कशी?

हे समजून घ्यायला एकच क्रियापद पुरेसं आहे: बसणे. चिनीत ते ‘च्वो’. त्यातला ‘च’ ‘चिमणी’तला नाही, ‘चाक’मधला आहे, आणि हा उच्चार मराठी जिभेला आयता येतो. रोमन लिपीतलं स्पेलिंग पाहून चिनी वाचायला गेलं की फसगत होते. तिथे ‘बी’ लिहिलेलं असतं आणि ऐकू येतो ‘प’, ‘डी’ लिहिलेली असते आणि ऐकू येतो ‘त’, ‘पी’ असतो तिथे चक्क ‘फ’. चिनी भाषा अल्पप्राण-महाप्राणाचा भेद काटेकोर पाळते. इंग्रज विद्यार्थ्याला तो महिनोन्‌महिने घोटावा लागतो, आपल्याकडे तो मुळाक्षरांतच येतो. म्हणून इथे मी चिनी शब्द कानाला जसे लागतात तसे देवनागरीत लिहितो आहे. सूर मात्र लिपीत उतरत नाहीत, ते ऐकूनच शिकावे लागतात.

आता मराठीत पाहा. तू बस. तुम्ही बसा. त्याला बसू दे. आपण बसूया. पाहुण्यांनी बसावं. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे क्रियापदाच्या शेपटीवरूनच कळतं. ‘बस’ आणि ‘बसा’ यांच्यातला एक काना चुकला तर सासरच्या बैठकीत काय होईल हे कोणाला सांगायला नको. चिनीत ‘च्वो’ हे ‘च्वो’च राहतं, समोर आजोबा असोत नाहीतर नातू. नात्याचं सगळं ओझं मग आजूबाजूचे शब्द उचलतात.

‘च्वो श्या!’ म्हणजे खाली बस. वर्गात उभ्या राहिलेल्या मुलाला गुरुजी असं म्हणतील. ‘छिंग च्वो’ म्हणजे बसा, कृपया. दारात आलेल्या पाहुण्याला, कार्यालयात आलेल्या अनोळखी माणसाला हे म्हणायचं. ‘नीन छिंग च्वो’ म्हटलं की त्यात आदरार्थी ‘आपण’ आलं, म्हणजे अधिक मान. ‘च्वो बा’ म्हणजे बस की, बस ना. यात आग्रह आहे पण जोर नाही. ‘च्वो च्वो’ असं क्रियापद दोनदा म्हटलं की अर्थ होतो घटकाभर बसा, जरा टेका. शेजारणीला ‘ये ना घरी’ म्हणताना हेच रूप येतं. ‘च्वो ई श्या’ हेही तसंच, थोडा वेळ बसा. आणि ‘च्वो च’ म्हणजे बसून राहा, उठू नका. या शेवटच्या ‘च’ला सूर नाही, तो हलकेच उच्चारायचा, चालू असलेली स्थिती तशीच ठेव एवढं तो सांगतो. कोणी उठायला लागलं की त्याला हाताने थोपवत म्हणायचं वाक्य हे.

सात वाक्यं झाली आणि क्रियापद जागचं हललं नाही. मला यात चिनी भाषेचं सगळ्यात मोठं सौंदर्य दिसतं. आपण मराठी माणसं नातं क्रियापदात ठेवतो. चिनी माणूस ते क्रियापदाच्या आधी आणि नंतर ठेवतो. नातं दोन्हीकडे आहे, आणि ते सांगितल्याशिवाय दोन्ही भाषांत वाक्य पुरं होत नाही.

आज्ञेचं बळ शब्दाच्या रूपात नसतं, बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये असतं, हे बराकपूरच्या परेडच्या मैदानावर एकदा फार स्पष्ट दिसलं. 29 मार्च 1857 च्या रविवारी मंगल पांडे 34 व्या पलटणीच्या पहाऱ्यासमोर बंदूक घेऊन उभा होता. सार्जंट-मेजर ह्यूसन याने पहाऱ्यावरचा जमादार ईश्वरी प्रसाद याला हुकूम केला, याला पकड. ईश्वरी प्रसाद जागचा हलला नाही. थोड्या वेळाने जनरल हिअर्सी घोड्यावरून आला, हातात पिस्तूल घेऊन, आणि त्याने तोच हुकूम दिला. जो हलणार नाही त्याला गोळी घालीन असं बजावलं. पहारा पुढे सरकला. आज्ञार्थ दोन्ही वेळा व्याकरणाला धरून होता. मंगल पांडेला 8 एप्रिलला फाशी झाली आणि न पाळलेल्या त्या आज्ञेपायी ईश्वरी प्रसादला 21 एप्रिलला.

चिनी वाक्य हे सत्य लपवत नाही. ‘च्वो’ हा आवाज स्वतःहून ना हुकूम आहे ना विनंती. तो काय आहे हे ठरतं ते कोण म्हणतं, कोणाला म्हणतं आणि शेवटी काय जोडतं यावरून.

निषेधाकडे वळलं की मराठी वाचकाला एकदम घरी आल्यासारखं वाटेल. इंग्रजीत नाही म्हणायला आणि नको म्हणायला एकच ‘नॉट’ चालतो. मराठीत तसं नाही. ‘मी जात नाही’ हे विधान, ‘तू जाऊ नकोस’ ही आज्ञा. ‘नाही’ आणि ‘नको’ यांची अदलाबदल होत नाही. चिनीतही हीच शिस्त आहे. ‘पू चोउ’ म्हणजे जात नाही. ‘प्ये चोउ’ म्हणजे जाऊ नकोस. ‘पू’ला आज्ञेच्या कामाला एकटं लावता येत नाही, त्याला जोडीदार लागतो: ‘पू याओ चोउ’ म्हणजे जाऊ नको, ‘पू श्यू चोउ’ म्हणजे जायची परवानगी नाही. पेइचिंगच्या बोलीत ‘नको, गरज नाही’ अशा अर्थाचा ‘पंग’ असा एक शब्द आहे. ‘पू’ आणि ‘युंग’ हे दोन शब्द बोलता बोलता एक झाले. अक्षरही तसंच झालं: ‘पू’चं अक्षर वर, ‘युंग’चं खाली, आणि दोन्ही मिळून एक.

याहून बारीक गोष्ट पुढे आहे. मूल रडायच्या बेतात असेल तर आई म्हणते ‘प्ये खू’, रडू नकोस. मूल रडायला लागलं असेल तर म्हणते ‘प्ये खू ल’, पुरे आता रडणं. शेवटचा तो एवढासा ‘ल’ परिस्थिती बदलायला सांगतो: जे चाललंय ते थांबव. मराठीत आपण तिथे ‘आता’ आणि ‘पुरे’ वापरतो. वर्गातला गलका थांबवायला चिनी शिक्षिका ‘प्ये श्वो ल’ म्हणते, म्हणजे बोलणं बंद. ‘ल’ काढून नुसतं ‘प्ये श्वो’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘हे सांगू नकोस’ असाही होऊ शकतो.

काही क्रिया माणसाच्या हातात नसतात. पड, आजारी पड, विसर, अशा आज्ञा सहसा कोणी देत नाही. पण त्यांचा निषेध मात्र सर्रास होतो. ‘प्ये श्वाय ल’ म्हणजे पडू नकोस हं, सांभाळ. मराठीत आपण तर उलट ‘पडशील!’ असं भविष्य सांगून सावध करतो. इथे रूप आज्ञेचं आणि काम काळजीचं. व्याकरणाच्या पुस्तकात ही वाक्यं आज्ञार्थीत बसतात, पण त्यांत कोणी कोणावर हुकूम चालवत नसतं. निरोप देताना चिनी यजमान दारापर्यंत येऊन ‘मान चोउ’ म्हणतो. शब्दशः ‘हळू चाल’, आपल्याकडचं ‘सावकाश जा’. जाणाऱ्याचा वेग कमी व्हावा अशी कोणाचीच इच्छा नसते.

शाळेत आपण वाक्याचे प्रकार शिकलो: विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी, आज्ञार्थी. चिनी शाळांतही हेच चार प्रकार शिकवतात. फरक असा की आपल्याला ‘आज्ञार्थी करा’ म्हटलं की आपण क्रियापदाचं रूप बदलतो, चिनी मुलगा वाक्याच्या शेवटाकडे पाहतो. ‘नी छ्यू’ म्हणजे तू जातोस. ‘नी छ्यू मा?’ म्हणजे तू जातोस का? ‘नी छ्यू बा’ म्हणजे जा ना तू. यातला ‘मा’ हा हुबेहूब आपला ‘का’ आहे. शब्दांचा क्रम न बदलता, वाक्याच्या टोकाला एक अक्षर जोडून प्रश्न करायचा, हे मराठी आणि चिनी दोघींना जमतं. इंग्रजीला त्यासाठी क्रियापद उचलून पुढे आणावं लागतं. आणि ‘बा’ म्हणजे आपले ‘ना’, ‘की’, ‘हं’ यांचं कुटुंब. ‘ये’, ‘ये ना’, ‘ये की’, ‘ये हं’, ‘ये बरं’ या पाच वाक्यांत क्रियापद एकच आहे, तरी पाचही जणी वेगळ्या बोलतात. आपल्या शालेय व्याकरणात या छोट्या अक्षरांची फारशी दखल घेतली जात नाही, याची मला खंत वाटते. आई मुलाशी बोलते तेव्हा निम्मं व्याकरण त्यांच्यातच असतं.

प्रश्नाची दुसरी तऱ्हा म्हणजे क्रियापद होकार-नकारात जोडीने म्हणणं. ‘नी छ्यू पू छ्यू?’ जातोस की नाही? साधी विचारणा. पण तेच आवाज चढवून ‘नी चोउ पू चोउ!’ म्हटलं की ती धमकी होते, आणि मराठीतही ‘जातोस की नाही!’ याच चालीवर धमकी होते. प्रश्न आणि आज्ञा यांच्यामधलं कुंपण असं सहज ओलांडता येतं. सौम्य बाजूनेही ओलांडता येतं: ‘नी नंग पू नंग ख्वाय ई त्यान?’ म्हणजे जरा लवकर कराल का? उद्गाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ‘थाय हाओ ल!’ म्हणजे किती छान, आणि बहुतेक वेळा शेवटी एक ‘आ’ किंवा ‘ल’ लागतो, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं.

‘आपण बसूया’ याला चिनीत काय म्हणतात हेही सांगायलाच हवं. ‘चान्मन च्वो बा’. उत्तर चीनमध्ये ‘चान्मन’ म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण आणि ‘वोमन’ म्हणजे बहुतेक वेळा ऐकणाऱ्याला वगळून आम्ही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला हा भेद मराठीने जपला आहे, इंग्रजीत तो नाही. ‘चान्मन’ने सुरू होणारी आज्ञा बोलणाऱ्यालाही बांधून घेते, म्हणून ती कानाला कधी कडक लागत नाही.

इतकं जवळ असलेलं व्याकरण श्रीरामपूरच्या पानांवर मांडणं अवघड का गेलं असेल? साचा लॅटिन-इंग्रजीचा होता. त्या साच्यात क्रियापदाचे ‘अर्थ’ रूपांवरून ओळखतात. रूपच नसेल तर आज्ञार्थाच्या रकान्यात काय भरायचं? शिवाय अभिजात चिनी लिखाणात बोलण्यातले ‘बा’ आणि ‘मा’ नसतात. त्यात निषेधासाठी ‘वू’ आणि ‘मो’ येतात. ‘वू’ आजही चिनी शहरांत जागोजाग दिसतो: ‘छिंग वू शी येन’, कृपया धूम्रपान करू नये. आपल्याकडच्या पाट्यांवर जसं ‘करू नये’ येतं, घरात कोणी एकमेकांशी तसं बोलत नाही, तसंच हे. मॉरिसन कँटनमध्ये बोलती भाषा ऐकत होते, मार्शमन ग्रंथ वाचत होते. पहिल्या दोन व्याकरणांतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण आज्ञार्थी वाक्य हा भाषेचा सगळ्यात बोलका भाग आहे. तो समोर माणूस असल्याशिवाय जन्मत नाही.

चिनी पंडितांनी स्वतः या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं होतं. त्यांनी शब्दांचे दोन ढोबळ वर्ग केले होते, भरीव आणि पोकळ. वस्तू आणि क्रिया सांगणारे भरीव. वाक्याचा कल, जोर, शंका, विनंती सांगणारे पोकळ. या पोकळ शब्दांवर त्यांनी शतकानुशतकं कोश रचले. युरोपीय धर्तीचं व्याकरण एका चिनी माणसाने चिनीत लिहिलं ते 1898 मध्ये, मा च्येनचुंग यांनी, आणि तेही अभिजात भाषेचं. बोलीभाषेचं व्याकरण ली चिनशी यांनी 1924 मध्ये लिहिलं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 चं, म्हणजे मा च्येनचुंग यांच्या बासष्ट वर्षं आधीचं. पण मला त्या जुन्या पोकळ-शब्दकोशांचं मोल अधिक वाटतं. आज्ञेचा सूर कुठे राहतो हे त्यांच्या कर्त्यांना नेमकं माहीत होतं.

चिनी शिकणाऱ्या मराठी माणसांची आठवण काढायची तर पहिलं नाव सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं. 1938 मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथेच राहिले, भाषा शिकले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले. रुग्णाशी बोलणाऱ्या कुठल्याही डॉक्टरची भाषा बहुतांशी आज्ञार्थीच असते. ‘प्ये तुंग’, हलू नका. ‘शन हूशी’, दीर्घ श्वास घ्या. ‘पा श थोउ शन छू लाय’, जीभ बाहेर काढा. या शेवटच्या वाक्यातली रचना पाहण्यासारखी आहे. ज्या वस्तूचं काहीतरी करायचं ती ‘पा’ लावून आधी घ्यायची आणि मग क्रिया सांगायची: ‘पा’ जीभ, बाहेर काढा. ‘पा मन क्वान शांग’, ‘पा’ दार, लावून घ्या. घरातल्या रोजच्या हुकमांत ही रचना सारखी कानावर येते, आणि कर्म आधी व क्रियापद शेवटी असल्याने मराठी माणसाला ती लगेच सवयीची होते.

आपल्याकडच्या शिकाऊ माणसाची एक सवय मात्र मोडावी लागते. इंग्रजी शाळांमुळे ‘प्लीज’ तोंडात इतका बसलेला असतो की तो चिनीत प्रत्येक आज्ञेपुढे ‘छिंग’ लावत सुटतो. पाहुण्याला ‘छिंग’ शोभतो. रोज भेटणाऱ्या मित्राला सारखा लावला तर त्याला वाटतं, हा आज परक्यासारखा का वागतोय. त्याला ‘तंग ई श्या’, थांब जरा, एवढं पुरे. आपणही घरच्या माणसाला ‘कृपया पाणी द्या’ म्हणत नाही. ‘पाणी दे गं जरा’ म्हणतो, आणि तो ‘गं’ आणि ‘जरा’ सगळं सांभाळतात.

बराकपूरहून लोकलने सियालदाला येऊन टांग्राच्या चिनी वस्तीत गेलं तर तिथल्या जुन्या घरांत ऐकू येणारी चिनी ही पेइचिंगची नसते. कोलकात्यातल्या चिनी कुटुंबांत बहुसंख्य हाक्का आहेत, त्यांचे पूर्वज ग्वांगतुंग प्रांताच्या मेइश्येन भागातून आलेले. हाक्का बोलीत ‘करू नको’ म्हणायला ‘प्ये’ नाही, ‘मोक’ आहे. हा तोच अभिजात लिखाणातला ‘मो’. ज्या निषेधाचा अर्थ मार्शमन नदीकाठी पोथ्यांतून लावत बसले होते, तो टांग्रामध्ये आज्या नातवंडांना दटावताना वापरतात.